तात्या विंचूला हसावं की घाबरावं?

प्रश्न : शाळेत असताना गल्लीतल्या एका घरी भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर ‘झपाटलेला’ पाहिला आणि पुढे कित्येक रात्री बहिणीची बाहुली ट्रंकेत बंद करून झोपलो. आता माझी मुलं तोच सिनेमा टीव्हीवर बघून पोट धरून हसतात. पण रात्री त्यांनाही दिवा लावूनच झोपायचं असतं. एकच सिनेमा हसवतोही आणि घाबरवतोही, हे कसं जमतं? असले सिनेमे कायम आडबाजूच्या छोट्या गावातच का घडतात? आमच्यासारख्या बाजाराच्या गावात असं कथानक चाललं असतं का? आणि मुलांना तो दाखवावा का?

– एक वाचक, पेठ वडगाव (ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर)

उत्तर : ‘झपाटलेला’मध्ये हसू आणि भीती एकाच ठिकाणाहून येतात. बाहुला जिवंत आहे हे ठाऊक असलेला माणूस एकच, लक्ष्या, आणि नेमका तोच असा की ज्याचं बोलणं गावाने आजवर कधी मनावर घेतलेलं नाही. गावाच्या जागेवरून लक्ष्याकडे पाहिलं की हसू येतं आणि लक्ष्याच्या डोळ्यांनी गावाकडे पाहिलं की घाम फुटतो. तुमची मुलं दिवसा पहिल्या जागेवर बसलेली असतात, रात्री अंथरुणात दुसऱ्या.

कथा तुम्हाला पाठ असेल, तरी तिची बांधणी एकदा नीट पाहू. महेश कोठारे यांचा हा चित्रपट १९९३ सालचा. तात्या विंचू हा गुंड बाबा चमत्काराकडून मृत्युंजय मंत्र मिळवतो. त्या मंत्राने आपला आत्मा दुसऱ्या देहात घालता येतो. पोलिसांच्या गोळीने मरता मरता तो मंत्र म्हणतो आणि जवळ पडलेल्या बाहुल्यात शिरतो. तो बाहुला येतो श्रीरंगपूर नावाच्या छोट्या गावात, आईबरोबर राहणाऱ्या लक्ष्याकडे. लक्ष्या म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे, आई म्हणजे मधू कांबीकर. पुढे तात्याला कळतं की बाहुल्यातून सुटायचं तर ज्याला आपण आपली ओळख पहिल्यांदा सांगितली त्याच्याच शरीरात शिरावं लागेल, आणि ती ओळख त्याने सांगितलेली असते लक्ष्याला.

आता यातली खरी खुबी. लक्ष्याला बोलक्या बाहुल्यांचा नाद आहे. ज्याच्या हातातला बाहुला बोलणं ही रोजचीच गोष्ट, त्याच्या घरी खरोखर बोलणारा बाहुला आला तर कोण दचकणार? बाहुला बोलला तरी लोक लक्ष्याचंच कौतुक करतील किंवा त्यालाच दटावतील. लक्ष्या ऊर फुटेस्तोवर ओरडला की बाहुला जिवंत आहे, तर लोक त्याला वेड्यात काढतील. खुनी माणसाला लपायला याहून पक्की जागा नाही. पटकथेतला हा एक निर्णय मला साऱ्या चित्रपटाचा कणा वाटतो. तो काढून घेतला तर उरतो तो नुसता धावपळीचा विनोदी चित्रपट, आणि तसे त्या काळात ढिगाने निघत होते.

बाहुल्याला बोलतं करणारी शब्दभ्रम ही कला कशी चालते ते कळलं की या निर्णयाची ताकद आणखी उमजते. शब्दभ्रमकार आवाज कुठे ‘फेकत’ नाही. आवाज त्याच्याच गळ्यातून निघतो. ओठ हलू न देता तो बोलतो आणि त्याच क्षणी बाहुल्याचा जबडा हलवतो. आवाज ऐकू आला आणि समोर एखादं तोंड हलताना दिसलं, की आपला मेंदू तो आवाज त्या तोंडाला चिकटवून मोकळा होतो. जत्रेतल्या सिनेमाच्या तंबूत भोंगा एका बाजूच्या खांबाला टांगलेला असला, तरी संवाद पडद्यावरच्या नटाच्या तोंडून आल्यासारखाच वाटायचा, त्यामागे हेच कारण. या कलेतला कठीण भाग म्हणजे प, फ, ब, भ, म ही अक्षरं, कारण ती ओठ मिटल्याशिवाय उमटत नाहीत. आरशासमोर उभे राहा, दात किंचित उघडे ठेवून ओठ स्थिर करा आणि ‘बाबा, मला पाव पाहिजे’ म्हणून पाहा. प्रत्येक शब्दाला अडखळाल. कसलेला कलावंत तिथे जीभ दातांच्या मागे टेकवून जवळपासचा आवाज काढतो आणि ऐकणारा संदर्भावरून चुकलेलं अक्षर आपलं आपण दुरुस्त करून घेतो. म्हणजे फसवणुकीतलं निम्मं काम प्रेक्षकच करतो. श्रीरंगपूरचे लोकही तात्या विंचूसाठी हेच करतात. जे दिसतंय त्याला ते स्वतःच सोयीचा अर्थ लावून देतात.

चित्रपटातला बाहुला घडवला आणि चालवला रामदास पाध्ये यांनी. त्यांचे वडील यशवंत केशव पाध्ये यांनी निर्माण केलेले अर्धवटराव आज शंभरी ओलांडून गेले आहेत, आणि महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी बोलका बाहुला म्हणून पहिल्यांदा पाहिलं ते त्यांनाच. ‘झपाटलेला’ने आपल्या घराघरातल्या या लाडक्या गोष्टीला हात घातला. अर्धवटरावांना हसणाऱ्या मुलांना त्याच जातकुळीचा एक बाहुला चाकू घेऊन मागे लागलेला दाखवला. परकं भूत आणून एवढं काम झालं नसतं.

बाहुल्याचीच भीती का वाटते, यावरही थोडं. मासाहिरो मोरी या जपानी यंत्रमानवतज्ज्ञाने १९७० मध्ये एक निरीक्षण मांडलं होतं. निर्जीव वस्तू माणसासारखी दिसू लागली की ती आपल्याला आवडत जाते, पण साम्य फार वाढून अगदी थोडंच कमी राहिलं की एकदम शिसारी येते. ती वस्तू हलू लागली तर ही शिसारी आणखी वाढते. शब्दभ्रमाच्या बाहुल्याचा चेहरा प्रौढ माणसाचा, डोळे फिरणारे, जबडा उघडमीट करणारा, पण गालावरचं कातडं मात्र कधीच हलत नाही. तुमच्या बहिणीची बाहुली रात्री ट्रंकेत गेली यात तुमचा भित्रेपणा नव्हता. डोळ्यांनी आपलं काम चोख केलं होतं.

‘झपाटलेला’ कशावरून घेतला, हे लपून राहिलेलं नाही. टॉम हॉलंड यांचा ‘चाइल्ड्स प्ले’ हा अमेरिकी चित्रपट १९८८ मध्ये आला होता. त्यातही गोळी लागलेला गुन्हेगार मंत्र म्हणून बाहुल्यात शिरतो. मूळ कल्पना उसनी आहे हे मान्य करूनच पुढे बोलू, कारण बघण्यासारखं आहे ते कोठारेंनी काय बदललं ते. अमेरिकी चित्रपट शिकागो शहरात घडतो आणि बाहुला पडतो सहा वर्षांच्या मुलाच्या हाती. मुलाचं मोठ्यांनी न ऐकणं जगात सगळीकडे सारखंच. मराठीत त्या मुलाच्या जागी आला एक वाढलेला, आईच्या पदराखालचा, मनाने निर्मळ बाप्या. शहराच्या जागी आलं सगळे सगळ्यांना ओळखतात असं गाव. या एका बदलाने भीतीचं कारणच पालटलं. शिकागोतला मुलगा उद्या मोठा होईल आणि लोक त्याचं ऐकू लागतील. गावात एकदा ‘येडं’ ठरलेल्या माणसाला ती आशा नसते.

दुसरा बदल लहान आहे, पण मला फार आवडतो. अमेरिकी बाहुल्याला मारायचं तर गोळी काळजात घालावी लागते. तात्या विंचूला मारायचं तर ती लागावी लागते दोन भुवयांच्या मध्ये. आपल्याकडे योगात आणि तंत्रात भ्रूमध्याला जे स्थान आहे ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, तिथेच तर आपण कुंकू-गंध लावतो. त्यामुळे ही अट कुणाला समजावून सांगावी लागली नाही. चित्रपटातला इन्स्पेक्टर नेम धरतो तेव्हा प्रेक्षकाचं लक्ष आपसूक योग्य जागी गेलेलं असतं. नक्कल आणि रूपांतर यांतला फरक असल्या तपशिलांत कळतो.

तात्या विंचूची माणसातली भूमिका आणि नंतर बाहुल्याचा आवाज, दोन्ही दिलीप प्रभावळकरांचे. त्याआधी हाच माणूस दूरदर्शनवर चिं. वि. जोशींचा चिमणराव म्हणून घरोघरी पोहोचला होता आणि पुढे ‘लगे रहो मुन्नाभाई’मध्ये गांधीजी झाला. प्रभावळकरांनी तात्याला विनोदी आवाज दिला नाही, हे ध्यानात घ्या. तो घोगरा आहे, चिडका आहे, आणि त्याला स्वतःच्या परिस्थितीत काहीही गमतीचं दिसत नाही. एवढा दरारा असलेला गुंड दोन-अडीच फुटांच्या देहात अडकलाय, याचा त्याला मनापासून संताप आहे. आपण हसतो ते त्या संतापाला. बाहुला स्वतःच विनोद करू लागला असता तर भीती तिथेच संपली असती. बेर्ड्यांच्या बाजूने पाहिलं तर त्यांची घाबरगुंडी हसवते, पण ती खोटी नाही. बोबडी वळणं, डोळे विस्फारणं, धावताना मागे बघणं या सगळ्याला तमाशातल्या सोंगाड्याचा वारसा आहे. फरक असा की तमाशातला सोंगाड्या राजालाही उलट उत्तर देतो आणि सभा त्याला मान देते. लक्ष्याला ती सभा मिळत नाही. लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ रोजी गेले. त्यांच्या विनोदाबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. भीती दाखवण्यातलं त्यांचं कसब मात्र अजून कुणी पुरेसं वाखाणलेलं नाही, आणि ते वाखाणायला हवं.

आता गावाचा प्रश्न. अशा चित्रपटांना आडबाजूचं गाव लागतं याची सोयीची कारणं सरळ आहेत. मदत लांब असते, पोलीस थोडे असतात, रात्र काळीकुट्ट असते. जगभरच्या दिग्दर्शकांनी हे वापरलं आहे. ऑस्ट्रेलियाचे पीटर वेअर यांचा ‘द कार्स दॅट एट पॅरिस’ हा १९७४ चा चित्रपट याचं फार चांगलं उदाहरण आहे. पॅरिस नावाच्या एका खेड्यातले लोक वाटसरूंच्या गाड्यांना अपघात घडवून आणतात आणि गाड्यांचे सुटे भाग हाच गावाचा चरितार्थ होऊन बसतो. आपल्याकडे राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) आठवा. तो हिंदीत असला तरी पाऊस, वाडा, सोवळं, सोन्याची हाव, सगळं इथलं आहे. त्याचं नाव आलं श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून आणि बीज आलं नारायण धारपांच्या कथेतून. पहिल्या वेळी तो बेताचा चालला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा त्याने पहिल्यापेक्षा जास्त कमाई केली. त्यात मात्र हसायला जागा फार थोडी आहे. तुंबाडमधलं गाव माणसांनी टाकून दिलेलं आहे आणि विनोदाला माणसं लागतात.

म्हणूनच मी म्हणेन की ‘झपाटलेला’च्या जातीच्या कथेला अंतराचा एकाकीपणा नकोच. तिला भरलेलं गाव हवं आणि त्यात एकटा पडलेला माणूस हवा. या कसोटीवर तुमचं वडगाव उत्तम उतरतं. पुणे-बंगळूर महामार्ग जवळून जातो. आठवड्याच्या बाजाराला, जनावरांच्या सौद्याला, चार तालुक्यांतून माणूस येतो. सरसेनापती धनाजी जाधवांची समाधी गावात आहे, म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीही ही जागा वाटेवरचीच होती. असं गाव कधी एकाकी पडत नाही. पण कल्पना करा, बाजाराच्या दिवशी सकाळी एखादा साधाभोळा गडी खेळण्यांच्या पालापाशी उभा राहून सांगतोय की बाहुलं माझ्याशी बोललं. दुपारपर्यंत ही बातमी बाजारभर होईल, संध्याकाळी परतीच्या एसटीतून आणि टेम्पोतून दहा गावांत पोहोचेल. प्रत्येक ठिकाणी तिच्यावर हशा होईल आणि त्या गड्याबरोबर रात्री घरी जायला एकही माणूस तयार होणार नाही. तुमच्या गावात हे कथानक चाललं असतंच, आणि श्रीरंगपूरपेक्षा जास्त रंगलं असतं.

गावातली भुताची गोष्ट हसत सांगायची रीत तुमच्या भागाला नवी नाही. कथाकार शंकर पाटील तुमच्याच हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीचे. ते, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार यांनी एकत्र कथाकथन करत महाराष्ट्र पालथा घातला. मिरासदारांची ‘भुताचा जन्म’ ही कथा मिळाली तर जरूर वाचा. भूत गावात कसं जन्माला येतं, याचं एवढं अचूक आणि हसरं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. तिथे भीती माणसांच्या बोलण्यातून वाढत जाते आणि भूत कधी नसतंच. ‘झपाटलेला’ने ही गोष्ट उलटी केली. इथे भूत खरंच आहे आणि लोकांचं बोलणं त्याला झाकून ठेवतं. धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी मराठीत भय गंभीरपणे लिहिलं, मिरासदारांनी ते हसत लिहिलं. पडद्यावर या दोन वाटा सर्वांना कळेल अशा रीतीने एकत्र आणल्या त्या कोठारेंनी. २००४ च्या ‘पछाडलेला’मध्ये त्यांनी पुन्हा तो प्रयत्न केला, त्यातही प्रभावळकरच भुताच्या भूमिकेत होते. २०१३ मध्ये ‘झपाटलेला २’ त्रिमितीत आला. दोन्ही करमणूक करतात. पहिल्याची सर दोन्हींना नाही, कारण त्यांत भूत सगळ्यांनाच लवकर दिसतं.

चित्रपटाचं एक उणंही सांगायला हवं. सगळ्या अनर्थाचं मूळ आहे बाबा चमत्कार. राघवेंद्र कडकोळांनी हा बाबा इतका झकास उभा केला की तो लोकांना तात्याइतकाच लक्षात राहिला. पण चित्रपट त्याला जाब विचारत नाही. गुंडाला मंत्र देणारा माणूस शेवटपर्यंत जाणकार सल्लागारच राहतो. १९९३ मध्ये हे खपून गेलं. नंतरच्या वीस वर्षांत महाराष्ट्रात अघोरी प्रथांविरुद्ध मोठी चळवळ उभी राहिली, २० ऑगस्ट २०१३ रोजी तिचे नेते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. आज हा चित्रपट नव्याने लिहायला घेतला तर लेखकाला बाबाचा हिशेब चुकता करावाच लागेल, आणि तसं झालं तर कथा आणखी घट्ट होईल असं माझं प्रामाणिक मत आहे.

राहिली मुलं. पाच-सहा वर्षांच्या मुलाला हा चित्रपट दाखवू नये असं मी स्पष्ट सांगेन. त्या वयात खेळणं आणि जीव यांतली रेघ पक्की झालेली नसते, आणि हसू विसरून भीतीच तेवढी मागे उरते. आठ-नऊच्या पुढे दाखवायला हरकत नाही. मात्र दिवसा दाखवा आणि शेजारी बसा. चित्रपट संपल्यावर घरातला एखादा सॉक्स हातात चढवून त्याला बटणांचे डोळे लावा, बोलका बाहुला कसा चालतो ते करून दाखवा आणि वरचं पावाचं वाक्य मुलांकडून म्हणवून घ्या. बाहुला आपल्या हाताने चालवला की मुलांची भीती पुष्कळशी ओसरते. जमलं तर एखाद्या सुट्टीत त्यांना कुडाळजवळच्या पिंगुळीला घेऊन जा. तिथल्या ठाकर समाजाच्या कलावंतांनी कळसूत्री बाहुल्यांचा खेळ आजही जपला आहे, आणि त्यांच्यातले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली आहे.